सून उपाशी ठेवत नव्हती, मला जंत झाले होते

आधी पायांचं सांगते, कारण माझ्या लेखी सगळं तिथूनच सुरू झालं.

बसले की पायांच्या हाडांत मुंग्या चालायच्या. बाहेरून नाही, आतून. पोकळ वेळूतून मुंग्यांची रांग जावी तशा. उठून चार पावलं टाकली की थांबायच्या, टेकले की पुन्हा सुरू. पूजेला बसले तरी पाय हलायचे, पोथी ऐकायला गेले तरी हलायचे. शेजारची बाई म्हणायची, "शकुंतलाबाई, मांडीला मांडी लावून बसा की जरा, जातं का कुठं गाव पळून?" अंथरुणावर तर विचारूच नका. माझी सून अनिता पाय दाबून दाबून पेंगायला लागायची. मी म्हणायची, "जा बाई, नीज तू." ती गेली की मी उठून अंगणात फेऱ्या मारायची.

मग दम लागायला लागला. ओट्याच्या पायऱ्या चढले की छातीत धडधड, अन् कानात पिठाची गिरणी चालू झाल्यासारखा आवाज. जेवण बरोबर होतं बघा. दोन भाकरी, वरण, ताक. सगळं खायची, तरी अंगावरचं लुगडं सैल होत चाललं. तोंड मात्र सकाळी सुजलेलं. ओठ पांढरे, हाताचे तळवे पांढरे. मला वाटलं, वय झालं. साठी ओलांडली की बाईनं कशाकशाची तक्रार करायची?

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. मला माती खावीशी वाटायची. आमच्या मागच्या खोलीची भिंत जुनी, पांढऱ्या मातीची. पावसाळ्यात ओली झाली की तिचा असा वास यायचा की तोंडाला पाणी सुटायचं. नखानं खरवडून चिमूटभर तोंडात टाकायची अन् पदरानं तोंड पुसून बाहेर यायची. पोटुशी बाई खाते ते ऐकलंय, पण माझ्या वयाला? लाज वाटायची अन् हात राहायचा नाही.

आमचं गाव पेडगावच्या पलीकडं. आमचे हे होते तोवर गावात किराण्याचं दुकान होतं. शाळा माझी चौथीत सुटली, पुढचं वाचायला मी पुड्या बांधायच्या रद्दीवर शिकले. आता दुकान नाही, शेत आहे. मुलगा बसवराज, म्हणजे आमचा बसू, सोयाबीन, कापूस बघतो. कालव्याच्या कडेचं हळदीचं रान मात्र माझं. लावणीपासून काढणीपर्यंत मी अन् अनिता.

पंचमीला लेक आली

माझी लेक सुरेखा पाथरीकडं दिलेली. पंचमीला आली. जीपमधून उतरली, माझ्याकडं बघितलं अन् हातातली पिशवी तिथंच ठेवली.

"आई, काय झालंय गं तुला? हाडं दिसायलीत नुसती."

"काय न्हाई. वय झालं."

तिनं पुढं मला काही विचारलंच नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली. पिठाचा डबा उघडला, तुपाची बरणी उघडली, दुधाचं पातेलं वाकवून बघितलं. अनिता चुलीपाशी पुरणाचं करत होती.

"वहिनी, आईला खायला घालायलात का न्हाई तुमी?"

अनिता पुरण हलवत राहिली. कढईचा आवाज तेवढा वाढला.

सुरेखानं बोललेलं घरातच राहिलं असतं तर बरं होतं. पण आमच्या गावात पंचमीला झोके बांधलेले असतात, सगळ्या माहेरवाशिणी एका झाडाखाली जमतात. सुरेखा तिथं रडली. संध्याकाळपर्यंत गाव म्हणायला लागलं, शकुंतलाबाईला सून उपाशी ठेवते. दुसऱ्या दिवशी गिरणीवर रुक्मिणकाकूनं अनिताला विचारलं, "किती दळण आणलंस गं? सासूचं धरून का सोडून?" बाकीच्या हसल्या. अनिता घरी येऊन पीठ चाळत बसली, चाळलेलंच पुन्हा चाळलं.

मी म्हणाले, "मी सांगते त्यांना."

"काय सांगणार आत्या तुमी? तुमच्याकडं बघूनच बोलायलेत लोक."

खरं होतं ते. माझं तोंडच साक्ष देत होतं तिच्याविरुद्ध.

सुरेखा मला पाथरीला घेऊन गेली. म्हणाली, महिनाभरात उभी करते. तिनं काय नाही केलं! शेवयांची खीर, साजूक तूप, बदाम भिजवून, डाळिंबं आणून. मी सगळं खाल्लं अन् आणखी वाळले. मला वाटलं आता तरी लेकीला कळेल, चूक वाढणारीची नव्हती. तर तिच्या जावेनं डोकं चालवलं, "खाल्लेलं अंगी लागू देत न्हाई कुणीतरी. सुनेच्या माहेरचं काय हाय ते बघून घ्या." झालं. वाढण्यावरून करणीवर गेलं. लिंबू उतरवलं, मिरच्या जाळल्या. मिरच्यांच्या धुरानं मला इतका दम लागला की मी म्हणाले, मला माझ्या घरी नेऊन घाला, काय व्हायचं ते तिथं होऊ द्या.

पाथरीच्या एसटी स्टँडवर गाडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दांडा धरला, अन् दुसरी पायरी मला दिसलीच नाही.

रक्त

शुद्ध आली तेव्हा परभणीला दवाखान्यात होते. हाताला नळी, वर लाल पिशवी लटकलेली. मला आधी वाटलं माझंच रक्त काढून वर टांगलंय. सिस्टर म्हणाली, "नाही आजी, चढवतोय. तुमच्यात काढायला आहे कुठं!"

डॉक्टर मॅडम वयानं लहान, माझ्या नातीसारख्या दिसणाऱ्या. माझ्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली. म्हणाल्या, "आजी, रक्त चारावर आलंय. बाराच्या आसपास पाहिजे. एवढ्यावर तुम्ही चालत कशा होतात?"

मी म्हणाले, "चालत होते म्हणूनच बरं होतं बाई. बसवतच नव्हतं."

दवाखान्यातला सगळ्यात मोठा त्रास कोणता म्हणाल तर पडून राहणं. सुई टोचलेला हात हलवायचा नाही, अन् पाय थांबायचे नाहीत. चादर गोळा होऊन पायथ्याशी. सिस्टर येता-जाता ओरडायची, "आजी, सायकल चालवताय का?" सकाळी सहाला झाडू, मग थर्मामीटर, मग चहा, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. फेरी आली की नातेवाईक बाहेर. मी त्या वॉर्डातले सगळे पंखे मोजले, त्यातला कुठला अडखळतो तेही कळलं. पिशवीतलं रक्त थेंब थेंब यायचं अन् मी विचार करायची, हे कुणाचं असेल? कुणी पोरगा असेल, बाई असेल. काय खात असेल, कुठल्या देवाला जात असेल? आमच्या घरात परक्याच्या हातचं पाणी पिताना विचारपूस व्हायची एके काळी. आता परक्याचं रक्त अंगात गेलं अन् मला आधी काय वाटलं सांगू? ऊब वाटली. कितीतरी महिन्यांनी हातपाय कोमट झाले.

पण मॅडमनी बसूला बाहेर बोलावलं तेव्हा मी बघत होते. बसू परत आला तो माझ्याकडं न बघता खिडकीकडं बघत बोलला.

"आई, पोटात दुर्बीण टाकून बघणार हायत."

"कशाला?"

"आत कुठंतरी रक्त गळायलंय म्हणतात. या वयात इतकं कमी झालं की बघावंच लागतं."

गाठ हा शब्द कुणी उच्चारला नाही. माझी थोरली बहीण पोटाच्या गाठीनंच गेली, तिचंही तोंड असंच पांढरं झालं होतं. मी काही विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, अन् सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच दुपारी वॉर्डाच्या दारात सुरेखा अन् अनिताची गाठ पडली. मला पलंगावरून सगळं ऐकू येत होतं. मलाच काय, अख्ख्या वॉर्डाला येत होतं.

"आता समाधान झालं का? उपाशी मारली माझ्या आईला."

"ताई, हळू बोला. लोक ऐकायलेत."

"ऐकू द्या! चांगलं ऐकू द्या!"

मग अनिताचा आवाज आला. लग्न होऊन आल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. "ताई, आत्या भिंतीची माती खातात. मी बघितलंय. किती वेळा बघितलंय. तुमाला सांगितलं असतं तर तुमी काय म्हणला असता? सासूला माती खाऊ घालते म्हणला असता."

पलीकडच्या पलंगावरची बाई पाणी पिता पिता थांबली. मी तोंडावर चादर घेतली. लाज अन् त्यातच एक सुटल्यासारखं. म्हणजे हिला ठाऊक होतं. ठाऊक असून हिनं मला भिंतीपाशी कधी अडवलं नाही, कधी टोचलं नाही, अन् माझ्यापायी बोलणी खात राहिली.

मॅडम मागंच उभ्या होत्या. त्यांनी अनिताला विचारलं, "माती खातात? कधीपासून?" अन् लगेच माझ्यापाशी येऊन बसल्या. "आजी, हे लपवायचं नसतं. अंगातलं लोह संपलं की असं होतं. पायाची तळमळ पण त्यातलीच. संडासला काळं होतं का?"

"डांबरासारखं."

"शेतात जाता? पायात काय घालता?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. पोटाच्या दुखण्यात पायातलं कशाला? मी सांगितलं, हळदीच्या रानात पायात काही घालून जात नाहीत आमच्याकडं. हळद म्हणजे लक्ष्मी. नवरीच्या अंगाला लागते ती, देवाला वाहतो ती. बांधावर चपला काढायच्या, हात जोडायचे, मग सरीत पाय ठेवायचा. माझ्या सासूनं शिकवलं, मी अनिताला शिकवलं. कामाला येणाऱ्या बायकाही तसंच करतात.

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं.

पडद्यावर

दुर्बिणीच्या खोलीत सिस्टर म्हणाली, "आजी, गळ्यातलं काढा."

आमच्यात गळ्यातलं लिंग जिवंतपणी अंगावरून उतरवत नाहीत. मी म्हणाले, "दुसरं काय बी काढते बाई. हे न्हाई निघायचं." ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिनं क्षणभर विचार केला, पांढरी पट्टी आणली, चांदीच्या डबीसकट लिंग त्यात गुंडाळलं अन् माझ्या दंडाला घट्ट बांधलं. "अंगावरच आहे ना? झालं तर मग." त्या पोरीचं नाव विचारायचं राहिलं. अजून चुटपुट आहे.

घशात कडू औषध फवारलं, घसा आपला राहिलाच नाही. डाव्या कुशीवर वळवलं. नळी आत जाताना वाटतं, आता गेलो. पण जात नाही माणूस. नाकानं श्वास घ्यायचा अन् आपल्याला ठाऊक असलेलं काहीतरी म्हणत राहायचं. मी नमः शिवाय म्हणत होते, पण पाय? पाय हलतच होते. एकानं धरून ठेवले.

मग मॅडम एकदम म्हणाल्या, "अरे, इकडं या, बघा!" दुसरे डॉक्टर धावले. मी समजले की संपलं. गाठ दिसली.

नळी काढल्यावर त्यांनी मला पडदा दाखवला. गुलाबी ओली भिंत, अन् तिला चिकटलेले बारीक बारीक, शेवईच्या तुकड्यासारखे. वळवळत होते. एक जिथून सुटला होता तिथं रक्ताचा ठिपका.

"आजी, गाठ नाही. जंत आहेत. आकड्यासारखं तोंड असतं त्यांचं, हुकवर्म म्हणतात. आतड्याला चिकटून रक्त पितात. शेकड्यानं असतील."

मला बोलता येत नव्हतं. घसा बधिर. मी हात जोडले. मॅडमना जोडले की त्या जंतांना, देव जाणे. गाठ नव्हते ते, म्हणून त्या घडीला ते किडेसुद्धा मला गोड वाटले.

नंतर त्यांनी समजावून सांगितलं. हे तोंडातून क्वचितच जातात, बहुतेक करून पायातून जातात. ओल्या, सावलीच्या मातीत माणसाच्या शौचातून पडलेली अंडी फुटतात, डोळ्याला न दिसणाऱ्या अळ्या होतात अन् अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. बोटांच्या बेचक्यात खाज, पुरळ. आम्ही त्याला चिखल्या म्हणून हळद लावत होतो.

मी पाटी मागून लिहिलं, हळदीच्या रानात जंतू मरतात ना?

मॅडम हसल्या. "हळद काय करायचं ते करत असेल आजी, पण तिच्या खालच्या ओल्या मातीत बसलेल्यांना तिचं काही नाही. तुमच्या रानाच्या बांधाला लोक बसतात ना?"

बसतात. कालव्याचं पाणी जवळ, हळदीचा आडोसा. कामाच्या बायका दिवसभर रानात, त्या जाणार कुठं? आम्हीसुद्धा तिथंच. ज्या जागेला हात जोडून चपला काढायच्या, तिच्याच कडेला. इतक्या वर्षांत हे दोन्ही एकत्र ठेवून मी कधी बघितलंच नव्हतं.

कुणाला सांगू नका

बसू हसला अन् रडला, दोन्ही एकदम. अनितानं नुसतं डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. सुरेखानं पहिलं वाक्य काय म्हणावं?

"कुणाला सांगू नका बरं का. जंत म्हणे! माझ्या सासरी कळलं तर तोंड दाखवायला जागा न्हाई. रक्त कमी झालं होतं म्हणायचं."

मला तेव्हा ते पटलं. आमचं सोवळ्याचं घर, विभूती लावल्याशिवाय पाणी न घेणारी मी. माझ्या पोटात ती घाण, हे कसं सांगायचं?

गोळ्या दिल्या. एवढ्याशा, चघळून खायच्या. घरातल्या सगळ्यांना घ्यायला सांगितल्या. पोटुशी बाई असली तर आधी डॉक्टरला विचारायचं, हेही सांगितलं. वर लोहाच्या गोळ्या, महिनोन्महिने. त्यांनी संडास काळी होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर पहिल्यांदा बघितलं अन् मी पुन्हा मरणाच्या दारात. बसूला दवाखान्यात पिटाळलं. तेव्हा तुम्ही घाबरू नका, लोहानं तसं होतं.

तब्येत सुधारायला लागली. ओठांना रंग आला. माती नकोशी झाली, त्या भिंतीपाशी गेले तर नुसता कुबट वास. अन् एक दिवस तूर निवडायला बसले. सूप संपलं, दुसरं भरून घेतलं, तेही संपलं. मग ध्यानात आलं की पाय गप आहेत. घाबरून हलवून बघितले, आहेत ना म्हणून.

पाय थांबले, पण आता डोकं सुरू झालं. कारण सुरेखानं ठरवून दिलेलं सगळ्यांना सांगितलं होतं: रक्त कमी झालं होतं. गावानं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. रक्त कमी का होतं? खायला नसलं की. रुक्मिणकाकू माझ्या तोंडावर म्हणाली, "बघा बाई, दवाखान्यात पोटभर मिळालं अन् कसं तेज आलं तोंडावर!" म्हणजे मी वाळले तरी अनिताचा दोष, अन् बरी झाले तरी अनिताचाच.

अनिता गिरणीवर जाईना. दळण बसू न्यायला लागला. खुरपणीला बायकांत बसेना, आपली वेगळ्या सरीला. बसूनं एकदा कुणाशीतरी भांडण केलं, त्यानं आणखी बोभाटा. मग एक दिवस भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आत्या, मी थोडे दिवस माहेरी जाऊ का?"

"किती दिवस?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

मला कळलं. असे जाणारे थोडे दिवस मी गावात बघितलेत. माझ्या पोटातले जंत गेले होते अन् घर खायला लागले होते. माझं सोवळं झाकून राहावं म्हणून त्या पोरीचं नाव जात होतं.

बूट

हळद काढायची वेळ आली. मी अनिताला म्हणाले, "काढणी झाली की जा. तोवर मला एकटीला जमायचं न्हाई." अन् बसूकडून रबरी बूट मागवले, गुडघ्यापर्यंतचे. दोन जोड.

रानात जायच्या सकाळी ते पाटावर ठेवले, हळदकुंकू लावलं. लक्ष्मीला म्हणाले, माय, तुझा अपमान करत नाही, माझं रक्त थोडंच उरलंय. मग ते पायात घालून बांधावर गेले अन् तशीच सरीत उतरले. पहिलं पाऊल टाकताना अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

दहा-बारा बायका गड्डे मोडत बसल्या होत्या. सगळ्यांचे हात थांबले. रुक्मिणकाकू मुकादमीण, तिचं तोंड आधी चालणार.

"काय हो शकुंतलाबाई! दवाखान्यातून येताना लक्ष्मीला इसरून आलात का? हळदीत बूट?"

"पोलिसात भरती झाल्या वाटतं," दुसरी म्हणाली.

"सुनेनं घातले असतील. सासूच्या पायाला लक्ष्मी लागू नये म्हणून."

अनिता पाण्याची कळशी घेऊन माझ्या मागंच होती. तिचीही पावलं तसल्याच बुटांत, मान खाली.

मी खाली बसले. म्हणाले, "मला जंत झाले होते."

"आँ?"

"जंत. पोटात. शेकड्यानं. दुर्बिणीतून बघितले मी माझ्या डोळ्यानं. शेवईएवढे, वळवळणारे. रक्त पीत होते. या मातीतून पायात शिरले, या बांधाला आपण बसतो ना, त्यातून."

कुणीतरी फिसकन हसलं. एकीनं तोंडाला पदर लावला. रुक्मिणकाकू म्हणाली, "जंत लेकरांना होतात. म्हाताऱ्यांना कुठं?"

"मला झाले ना! अन् उपाशी होते म्हणता? दोन-दोन भाकरी खात होते मी. अनिता ताटात वाढत होती अन् ते आत बसून जेवत होते. तिनं किती वाढावं? तुमी गिरणीवर विचारलंत ना, सासूचं धरून दळण का सोडून? सासूचं धरून होतं काकू, शेकडो पाहुण्यांचं धरून होतं."

मला छाती धडधडल्यासारखं झालं, पण ते आधीसारखं नव्हतं.

रुक्मिणकाकूनं बराच वेळ आपल्या पायांकडं बघितलं. मग पायाची बोटं फाकवून माझ्यापुढं केली. बेचक्यात लाल, खाजवून खाजवून सोललेलं.

"हे बघा बरं. हे तसलंच का?"

"मला काय कळतंय? दवाखान्यात दाखवा. शौचाची तपासणी करतात, गोळी देतात."

"शौच न्यायची? डबीत? शी!"

"मी नेली की. मी नेली तर तुमाला काय होतंय?"

तेवढ्यात तिच्या पलीकडची बाई हळूच म्हणाली, "अनिता, पाणी दे गं." अनितानं दिलं. मग सगळ्यांनीच मागितलं. कळशी रिकामी झाली.

तेव्हा जे मी रानात सांगितलं तेच इथं लिहितेय. दम लागत असेल, ओठ पांढरे पडले असतील, माती खावीशी वाटत असेल, पाय थांबत नसतील, तर आधी घरातल्या कुणाला धरू नका. रक्त तपासा. शौच तपासा. लाज वाटेल, वाटू द्या. गोळी एवढीशी आहे. आमच्या घरचा संडास बांधून झाल्यापासून त्यात सरपण भरलेलं होतं, ते बसूनं बाहेर काढलं. रानातल्या बायकांच्या जाण्याचं काय करायचं, त्यावर अजून आमच्याकडं मार्ग नाही. बूट आहेत, आडोसा नाही. मुलगा म्हणतो बघू. मी रोज विचारते, कधी बघतोस?

फोन

पाथरीला बातमी एसटीच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी सुरेखाचा फोन.

"आई, काय गं हे! अख्ख्या रानात सांगितलंस? माझ्या जावा हसायल्यात मला. सासूबाई म्हणायल्यात, तुमच्या आईला काय भीड हाय का न्हाई?"

मी म्हणाले, "हसू दे."

"तुला हसू दे म्हणायला काय जातंय! मी बजावून सांगितलं होतं ना, रक्त कमी झालं एवढंच म्हणायचं!"

"तेवढंच म्हणले तर तुझ्या वहिनीला गाव सोडून जायची पाळी आली होती, सुरेखा."

मला वाटलं फोन कटला. हॅलो, हॅलो केलं. तिचा श्वास ऐकू येत होता, धाप लागल्यासारखा. जिना चढून आली असेल म्हणावं तर तिच्या घराला जिना नाही. मी म्हणाले, "काय गं? बरी हायस ना?"

"वहिनी हाय का तिथं?"

"हाय की. का?"

"तिला दे फोन."

"मला सांग ना."

"तुला न्हाई. वहिनीला दे."

अनिता कणीक मळत होती. हात पुसून तिनं फोन घेतला, अन् उभीच राहिली, अंग चोरून, बोलणी ऐकायच्या तयारीत. मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

"हं ताई… हं… न्हाई, बोला ना… तुमी बी माती?… कवापासून?… अन् दाजीला सांगितलं का?… बरं, नका सांगू."

मी पुढं सरकले. अनितानं फोनवर हात ठेवला अन् मला डोळ्यांनीच दाराकडं खुणावलं.

"आत्या, तुमी जरा बाहेर बसता का?"

मी बाहेर आले. ओट्यावर बसवेना, उभी राहिले. आतून अनिताचा आवाज येत होता, "रडू नका ताई. सकाळच्या गाडीनं निघा. मी येते परभणीला, दवाखान्याच्या दारातच उभी राहते."